दलालाचा नंबर विचारा

ठाण्याहून भिवंडीला जाताना कशेळी, काल्हेर ओलांडले की पूर्णा गाव लागते. पूर्वी या पट्ट्यात भाताची खाचरे होती, आज गोदामांच्या रांगा आहेत. जमिनीला भाव आला की दलाल आलाच. दलाली हा काही वाईट धंदा नव्हे. घेणाऱ्याची नि देणाऱ्याची गाठ घालून द्यायला माणूस लागतोच. पण ज्याच्या शब्दावर आपण जन्माची पुंजी मोकळी करतो, तो माणूस कोण, हे पाहायला नको काय?

त्यासाठी २०१६ साली स्थावर संपदा कायदा झाला. लोक त्याला 'रेरा' म्हणतात. १ मे २०१७ पासून तो पुरता लागू झाला. आपल्या राज्यात त्याचा कारभार 'महारेरा' हे प्राधिकरण पाहते.

कायद्याचे म्हणणे साधे आहे. नोंदलेल्या प्रकल्पातले घर, दुकान किंवा भूखंड विकून द्यायचा, तर दलालाची स्वतःची नोंदणी हवी. गोदामाचा गाळाही यात येतो, हे पूर्ण्याच्या लोकांनी ध्यानात ठेवावे.

गावातल्या एखाद्या तरुणाला या धंद्यात पडायचे असेल, तर आधी ठरलेले प्रशिक्षण घ्यावे लागते आणि परीक्षा द्यावी लागते. १ जानेवारी २०२४ पासून हे प्रमाणपत्र सक्तीचे आहे. मग महारेराकडे अर्ज करायचा. नोंदणी पाच वर्षे चालते, पुढे नूतनीकरण. प्रत्येक व्यवहारात आपला नंबर द्यायचा, हिशेबाची वही ठेवायची, गिऱ्हाइकाला कागदपत्रे दाखवायची, खोटी आश्वासने द्यायची नाहीत. नोंदणीवाचून धंदा केला तर दिवसाला १०,००० रुपये दंड, आणि तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढू शकतो.

मात्र एक गोष्ट समजून घ्या. शेतजमीन जशीच्या तशी विकून देणारा, किंवा गोदाम नुसते भाड्याने लावून देणारा, या नोंदणीत येत नाही. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरचा किंवा आठ गाळ्यांपर्यंतचा लहान प्रकल्पही नोंदणीतून सुटतो. अशा ठिकाणी सातबारा नि फेरफार आपणच तपासायचे, जाणत्या वकिलाला दाखवायचे.

नोंदलेल्या प्रकल्पात मात्र विसार देण्याआधी दोन नंबर मागा: एक प्रकल्पाचा, दुसरा दलालाचा. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतात. ज्यांना ते जमत नाही, त्यांना शाळेतल्या गुरुजींनी दाखवून द्यावे. तसेच करारनामा नोंदवल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. 'आज पैसे द्या, कागद मागाहून करू' असे कोणी म्हणाले, तर पैसे खिशातच ठेवा आणि कागद आधी मागा. नंबर विचारला म्हणून चांगला दलाल रागावत नाही.