वेबसाइटचे काम अंगावर घेण्यापूर्वी

महोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्यावे असे आपल्या चिटणीसांनी सुचविले, तेव्हा मी जरा बिचकलोच. स्मरणिकेत न्यासाचा इतिहास यावा, दात्यांचे ऋण नोंदले जावे, जुन्या मंडळींच्या आठवणी याव्यात; त्यात वेबसाइटच्या धंद्याविषयी कोण वाचणार? परंतु चिटणीस म्हणाले, "अहो, साकेत नगरात आपल्या सभासदांच्या घरी संध्याकाळी जाऊन पाहा. कोणाचा मुलगा, कोणाची सून लॅपटॉप उघडून हेच काम करीत बसलेली असते. त्यांच्या आईवडिलांना तरी कळू द्या, हे काय चालले आहे ते." त्यांचे म्हणणे खरे आहे. म्हणून हा खटाटोप.

ही तरुण मंडळी नोकरी सांभाळून दोघे-तिघे एकत्र येतात आणि लहानसहान वेबसाइटी करून देतात. कामे बहुधा ओळखीतलीच असतात. मामांच्या मित्राचे औषधांचे दुकान, शाळेतल्या बाईंचा गायनवर्ग, शेजारच्या डॉक्टरांचा दवाखाना. काम नीट झाले तर चार ठिकाणी नाव होते. बिघडले तर मात्र पैशाबरोबर ओळखही जाते, आणि परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्या लोकांना ओळख गमावणे पैशापेक्षा महाग पडते.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघांनी एका घराच्या वरच्या खोलीत टेबल मांडून एका शिकवणीवर्गाचे काम घेतले. रक्कम ठरली 40,000 रुपये, मुदत सहा आठवडे. कागद केला नाही. कसा करणार? वर्गाचे चालक आमच्यापैकी एकाच्या वडिलांचे जुने स्नेही. त्यांच्यापुढे करारपत्र ठेवायचे म्हणजे त्यांच्या शब्दावर अविश्वास दाखविण्यासारखे! काम सात महिने चालले. आठ पानांची एकवीस पाने झाली. चालकांनी पसंत केलेला रंग त्यांच्या भागीदारांना आवडला नाही. भागीदारांनी मान्य केलेली मांडणी चालकांच्या मुलाला जुनाट वाटली. शेवटी निम्मे पैसे हाती आले, आणि त्या दोन घरांत दिवाळीच्या फराळाचे ताट अजूनही जात-येत नाही.

दोष कोणाचा, यावर मी पुष्कळ विचार केला आहे. चालक लबाड नव्हते. त्यांच्या समजुतीप्रमाणे 40,000 रुपयांत 'वेबसाइट' ठरली होती, आणि वेबसाइट म्हणजे त्यांच्या मनात काय आहे हे आम्ही त्यांना कधी विचारलेच नव्हते. पुढचे सात महिने आम्ही जे भोगले ते सारे पहिल्या पंधरवड्यात पेरलेले होते.

वडील मंडळींसाठी थोडे सांगतो. वेबसाइट ज्या जाळ्यावर उभी असते त्याची कल्पना टिम बर्नर्स-ली यांनी 1989 साली जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत मांडली. 30 एप्रिल 1993 रोजी सर्नने ते तंत्र सर्वांस विनामूल्य खुले करून टाकले. त्यानंतर तीनच वर्षांनी, 1996 साली, 'मायबोली' हे मराठी संकेतस्थळ अमेरिकेतून सुरूही झाले. तंत्र फुकट असल्याने गिऱ्हाईकाला वाटते की काम म्हणजे नुसती बटणे दाबणे. हल्ली तर कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने एका दुपारीत दहा नमुने काढून दाखवितात, त्यामुळे हा समज अधिकच वाढला आहे. नमुने निघतात हे खरे. पण दवाखाना गुरुवारी बंद असतो हे त्या यंत्राला कोणीतरी सांगावे लागते, आणि ते सांगणारा माणूस वेळेवर सापडणे हेच खरे काम आहे.

तेव्हा पहिल्या भेटीत काय करावे? रंग नि चित्रे यांविषयी अवाक्षरही काढू नये. विचारावे ते असे: ही वेबसाइट कोण पाहणार, आणि पाहून झाल्यावर त्याने काय करावे अशी आपली इच्छा आहे? फोन करावा, पत्ता शोधावा, की फी भरावी? औषधांच्या दुकानदाराला बहुधा एवढेच हवे असते की रात्री साडेनऊला दुकान उघडे आहे का हे लोकांना घरबसल्या कळावे. त्याला हलती चित्रे विकणे हा अधर्म आहे.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक. पसंती कोण देणार? येथे एकच नाव पाहिजे. "आम्ही सगळे मिळून ठरवू" असे उत्तर आले की समजावे, पुढे अनर्थ आहे. भावाभावांचे दुकान असेल तर दोघांनी घरात काय ते भांडून घ्यावे. आपल्याकडे निरोप एकानेच द्यावा. संस्थांच्या बाबतीत तर कार्यकारिणीने ठराव करून एका व्यक्तीस हा अधिकार द्यावा हे उत्तम. (आपल्या न्यासानेही पुढेमागे हे काम काढले तर माझी ही सूचना चिटणीसांनी लक्षात ठेवावी.)

आपल्यापैकी ज्यांच्या घरी वडील किंवा आजोबा भेलमध्ये होते, त्यांना ही पद्धत नवी वाटू नये. 1956 साली भोपाळात हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली, आणि त्या नोकरीच्या निमित्ताने कितीतरी मराठी बिऱ्हाडे इकडे आली. कारखान्यातल्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात एक चौकट असते. कोणी काढले, कोणी तपासले, कोणी मंजूर केले, हे त्यात लिहिलेले असते. बदल झाला की त्याला पुढचा क्रमांक किंवा अक्षर, तारीख आणि पुन्हा सही. या चौकटीने कोणाचा अपमान होतो असे तेथे कोणालाच वाटत नाही. वेबसाइटच्या कामाला हवी आहे ती नेमकी हीच चौकट.

कागद दोन पानांचा पुरे. त्यात मोजता येतील अशाच गोष्टी लिहाव्यात: पाने किती, भाषा किती, अर्ज भरण्याचे तक्ते किती, नमुना दाखविल्यावर फेरफार किती वेळा, मजकूर व छायाचित्रे कोण व कोणत्या तारखेस देणार. काय करणार नाही हेही लिहावे. उदाहरणार्थ, छायाचित्रे काढणे, मजकूर लिहून देणे, वर्षभर बातम्या टाकीत राहणे. आणि 'इत्यादी' व 'वगैरे' हे दोन शब्द त्या कागदावर येऊ देऊ नयेत. आमच्या एकवीस पानांपैकी तेरा पाने या 'वगैरे'तूनच निघाली होती.

वेळेचा अंदाज बांधताना आपली माणसे नेहमी फसतात, म्हणून एक हिशेब मांडून दाखवितो. समजा आठ पानांचे काम आहे. आराखडा व नमुना यांना 20 तास. पाने बांधण्यास प्रत्येकी 4 तास, म्हणजे 32. मजकूर बसविणे व वाचणे 16. मोबाइलवर व निरनिराळ्या यंत्रांवर तपासून दुरुस्त्या करणे 16. भेटी, फोन आणि निरोप यांना आणखी 16. हे 16 तास कोणीच धरीत नाही. एकूण झाले 100. तिघेजण नोकरी करून आठवड्याला प्रत्येकी 8 तास देऊ शकत असतील तर आठवड्याचे 24. म्हणजे काम चार आठवड्यांहून थोडे अधिक. परंतु घरात लग्न निघते, कोणाला ताप येतो, गिऱ्हाईकाचा मजकूर उशिरा येतो. म्हणून सात आठवडे सांगावेत. या मापाने पाहिले तर आमच्या वाढलेल्या तेरा पानांनी नुसत्या बांधणीचेच 52 तास खाल्ले होते.

काम रेंगाळले की आणखी दोन मित्रांना बोलवावे असे वाटते. तो मोह टाळावा. आय. बी. एम. मध्ये मोठ्या कामाची धुरा वाहिलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी 1975 साली आपल्या पुस्तकात दाखवून दिले की मागे पडलेल्या कामावर माणसे वाढविली तर ते आणखी मागे पडते. कारण सोपे आहे. तिघांत बोलण्याच्या वाटा तीन असतात; पाच झाले की दहा होतात. नव्या माणसाला समजावून सांगण्यातच जुन्यांची संध्याकाळ जाते. त्यापेक्षा तिघांतच वाटणी स्पष्ट असावी, आणि गिऱ्हाईकाशी बोलणारा एकच असावा. मग भले तो तिघांत सर्वांत कमी हुशार का असेना. शांत डोक्याचा असला म्हणजे झाले.

आता मजकुराविषयी. कामे अडतात ती येथे, आणि आपल्या गावात त्याला एक खास कारण आहे. संस्था आपली जुनी माहितीपत्रके छापखान्यातून आणून देतात. ती कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये जुळविलेली असतात. कागदावर अक्षर सुरेख दिसते, पण तोच मजकूर वेबसाइटवर टाकला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा होतो; कारण त्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसविलेले असतात. देवनागरीला युनिकोडमध्ये 1991 पासून स्वतंत्र जागा आहे आणि वेबसाइटला तोच मजकूर चालतो. रूपांतर करणारी साधने मिळतात, परंतु जोडाक्षरे व रफार यांच्या चुका माणसालाच वाचून काढाव्या लागतात. पहिल्याच भेटीत मजकुराची फाइल मागून ती उघडून पाहावी. ती कोणत्या फाँटात आहे यावर आठवड्याचा हिशेब बदलतो.

मजकूर मराठी असेल तर आणखी एक गोष्ट. मराठी वळणाचा 'ल' आणि 'श' हिंदी वळणाहून वेगळा असतो. महाराष्ट्र शासनाने 6 नोव्हेंबर 2009 च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाण रूपही ठरवून दिले आहे. भोपाळात सारी कामे हिंदीतून करण्याची सवय असल्याने पानाची भाषा 'हिंदी' अशीच नोंदविली जाते, आणि मराठी पानावर हिंदी 'ल' उमटतो. पानाच्या संकेतनात भाषा मराठी म्हणून नोंदवावी आणि मराठी आकार असलेला फाँट निवडावा, म्हणजे काम भागते. 'दऱ्या' आणि 'दर्या' यांतला फरकही डोळ्यांखालून घालावा. गिऱ्हाईकाला हे कदाचित कळणार नाही. पण त्यांच्या आजींना पहिल्या नजरेत कळेल.

पैशाचे बोलणे आपल्याला जड जाते, म्हणून ते थोडक्यात. तिसरा हिस्सा काम सुरू होण्यापूर्वी, तिसरा नमुन्यावर सही झाल्यावर, उरलेला वेबसाइट सर्वांस खुली करण्यापूर्वी. आपल्या चमूची 'उद्यम' नोंदणी आधीच करून ठेवावी. ती विनाशुल्क होते. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे अशा नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगाचे पैसे 45 दिवसांच्या पलीकडे थकविता येत नाहीत, लेखी करारात काहीही लिहिले असले तरी. आणि लेखी मुदत ठरलेली नसेल तर ही मर्यादा 15 दिवसांचीच आहे. थकल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते. ओळखीच्या माणसावर कोणी व्याज लावीत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण बिलाच्या तळाशी एक ओळ असली की बिल लवकर वाचले जाते.

मालकीचा प्रश्न मात्र दोन्ही बाजूंनी समजून घेण्यासारखा आहे, आणि तो फारच थोड्यांना माहीत असतो. गिऱ्हाईक म्हणते, "मी पैसे मोजले, वेबसाइट माझी." 1957 चा आपला कॉपीराइट कायदा असे सरसकट म्हणत नाही. नोकराने नोकरीच्या कामात केलेली कृती मालकाची. पण बाहेरच्या स्वतंत्र माणसाने लिहिलेले संकेतन सामान्यतः त्याचेच राहते, जोवर तो ते लेखी हस्तांतरित करीत नाही. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर ती पाचच वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क कायमचे व सर्वत्र गिऱ्हाईकाचे, असे स्पष्ट वाक्य कागदात घालावे. ते त्यांच्या हिताचे आहे, आणि 'पूर्ण पैसे मिळाल्यावर' हे तीन शब्द आपल्या हिताचे आहेत.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव, हे पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईकाच्याच नावाने आणि त्यांच्याच ईमेलवर घ्यावे. सोयीसाठी आपल्यातला कोणीतरी ते स्वतःच्या नावाने घेतो. मग त्याला पुण्याला नोकरी लागते, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या पत्त्यावर येत राहते, आणि एके सकाळी दवाखान्याची वेबसाइट नाहीशी झालेली असते. काम संपल्यावर सर्व पासवर्ड, मूळ फाइली आणि नूतनीकरणाच्या तारखा यांची यादी देऊन पोहोच घ्यावी.

शिकवणीवर्गाच्या त्या प्रकारानंतर दीड वर्षाने आम्हाला एका गायनवर्गाचे काम आले. बाई माझ्या आईच्या मैत्रीण. मला लहानपणापासून ओळखणाऱ्या. चहा झाल्यावर मी पिशवीतून ती दोन पाने काढली, तेव्हा माझे हात खरोखर थरथरत होते. बाईंनी वरवर पाहिले आणि म्हणाल्या, "का रे, माझ्यावर विश्वास नाही वाटतं?" मी म्हटले, "मावशी, माझाच माझ्यावर नाही. काय कबूल केलं ते मी विसरतो." त्या हसल्या. मग चष्मा लावून त्यांनी पुन्हा सावकाश वाचले, फेरफारांच्या रकान्यातील 'दोन वेळा' खोडून 'तीन वेळा' केले, आपल्या गुरुजींचे छायाचित्र पहिल्याच पानावर असावे अशी एक ओळ स्वतःच्या अक्षरात घातली, आणि खाली तारखेसह सही केली.