विश्लेषण : उजनीतून वर येणारे गाव, जुनी घरे आणि मनात दडलेली भीती

उन्हाळ्यात उजनी धरणाचे पाणी ओसरले की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पुरातन पळसनाथ मंदिर पाण्याबाहेर येते. २०२४ च्या टंचाईत ते पाहायला मोठी गर्दी झाली. बुडालेली वास्तू पुन्हा डोके वर काढते, हे एखाद्या गूढकथेत शोभावे असेच दृश्य. पण गूढकथांना जुने वाडेच का लागतात? आघात सोसलेल्या माणसाला एखादे घर का छळते? आणि त्यातून सावरता येते का?

पाण्याखाली काय गेले?

भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. धरणाची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी; त्यातील सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. पाणी त्याखाली गेले की धरण ‘उणे’मध्ये गेले असे म्हणतात. जलाशयात इंदापूर, करमाळा, दौंड, कर्जत भागांतील गावे आणि मळे बुडाले. पळसदेव पुणे-सोलापूर महामार्गालगत नव्याने वसले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्याचा कायदा १९७६ चा. त्यात जमीन आणि भूखंडाचा हिशेब होता. उंबरा कायमचा सुटल्याच्या दुःखाचा नव्हता.

गूढकथांना जुने घरच का लागते?

होरेस वॉलपोल यांची १७६४ मधील ‘द कॅसल ऑफ ओट्रँटो’ ही पहिली गॉथिक कादंबरी मानली जाते. मराठीत नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी भयकथा घराघरांत पोहोचवली. २०१८ च्या ‘तुंबाड’ चित्रपटातही मध्यवर्ती आहे तो वाडा. अशा कथांत बंद खोलीत भूत असते, आणि बहुतेकदा त्या भुतामागे घराण्याने दडवलेली एखादी घटना असते. ती उघड झाली की कोडे सुटते.

मग वस्तीवरच्या घरातले आवाज कशाचे?

बारामती-इंदापूरच्या उसाच्या पट्ट्यात अनेक घरे गावापासून दूर, मळ्यात आहेत. दिवसभर तापलेला पत्रा रात्री थंड होताना वाजतो. जुन्या लाकडी तुळया कुरकुरतात. पडक्या माळवदात राहणारे गव्हाणी घुबड कर्कश ओरडते. एरवी माणूस कूस बदलून झोपी जातो. पण अपघात, मारहाण, घरातील आत्महत्या किंवा पूर अनुभवलेल्या माणसाला तोच आवाज पुन्हा त्या क्षणात नेऊन ठेवतो. मेंदू भयंकर प्रसंगाची आठवण वास, आवाज आणि उजेडासकट जपतो. त्यातली एक खूण जरी समोर आली, तरी छाती धडधडते, घाम फुटतो. धोका संपलेला असतो, पण शरीराला ते कळलेले नसते.

याला आजार कधी म्हणायचे?

योगायोग असा, की उजनी पूर्ण झाले त्याच १९८० साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने ‘आघातानंतरचा तणाव विकार’ (पीटीएसडी) आपल्या निदानसूचीत घेतला. प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, वाईट स्वप्ने, त्या जागेकडे फिरकणेही टाळणे, सतत सावध राहणे ही त्याची लक्षणे. ती महिनाभराहून अधिक टिकली आणि कामधंदा, झोप बिघडली, तर उपचार हवेत. घर किंवा गाव गमावल्याचे दुःख म्हणजे मात्र आजार नव्हे. ते दुःख बोलून दाखवायला माणसे लागतात, एवढेच.

सावरायचे कसे?

अनेक घरांत अशा वेळी ‘बाहेरचे काहीतरी लागले’ म्हणून देवऋषी गाठला जातो. त्यात उपचाराचा वेळ जातो. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, बांधून ठेवणे हा जादूटोणाविरोधी कायद्यानुसार २०१३ पासून गुन्हा आहे.

उपचारांत समुपदेशक घडलेला प्रसंग सुरक्षित वातावरणात बोलता करतो. मग टाळलेल्या जागेकडे टप्प्याटप्प्याने परतणे येते : आधी नुसते बोलणे, मग दिवसा कोणाला तरी सोबत घेऊन अंगणापर्यंत, नंतर खोलीत. गरज पडल्यास औषधेही दिली जातात. ‘एकदा जाऊन ये, भीती मोडेल’ असा आग्रह करून कोणाला एकट्याने तिथे पाठवू नये. त्याने त्रास वाढू शकतो. घर विकणे किंवा पाडणे हाही घाईचा उपाय. जागा बदलली, तरी न बोललेली गोष्ट सोबत येते.

मदत कुठे मिळेल?

केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीत बोलता येते. वस्तीवरून शहर गाठणे अवघड असलेल्यांना पहिले पाऊल फोनवरूनच टाकता येईल. प्रत्यक्ष तपासणीसाठी इंदापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा बारामतीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय येथे चौकशी करावी. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलत असेल, तर त्याला एकटे सोडू नये आणि हा फोन लगेच लावावा.