आधी लिहा, कप्पा नंतर शोधा

पीएचडीला नुकताच प्रवेश घेतलेल्या काही जणांनी विचारलंय की वाचलेल्या पेपरची टिपणं, प्रयोगांच्या नोंदी आणि रोजची कामं एकत्र ठेवायला कोणतं अ‍ॅप वापरावं. उत्तराआधी माझी फजिती ऐका.

दुसऱ्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतःच असं अ‍ॅप लिहायला घेतलं. पायथॉन थोडं येत होतं, एसक्यूलाइट शिकले. दिसायला छान झालं होतं. फक्त नवी नोंद करताना ते पाच प्रश्न विचारायचं: हे काम की टिपण? कोणत्या प्रकल्पाचं? किती महत्त्वाचं? कधीपर्यंत? कोणत्या प्रकारचं? हातात ग्लोव्हज आणि समोर तापलेली भट्टी असताना एवढी उत्तरं कोण देणार? सतराव्या सॅम्पलची पावडर उघड्यावर राहिली की ओल धरते, हे मी वजनाच्या बटर पेपरवर खरडलं आणि कोटाच्या खिशात टाकलं. तीन महिन्यांनी तेच सॅम्पल पुन्हा केलं, तर मोजमापं जुळेनात. तीन आठवडे त्यात गेले. कागद सापडला तो कोट धुवायला काढला तेव्हा. (हो, तीन महिने धुतला नव्हता. लॅबमधल्यांना यात नवल वाटणार नाही.)

विसराळूपणा माझाच. पण अ‍ॅपच्या रचनेतही चूक होती. नोंद करताना ती पुढे कशासाठी लागेल हे आपल्याला ठाऊकच नसतं. ‘पावडर ओल धरते’ हे निरीक्षण आहे, ‘डेसिकेटरमध्ये ठेवायची’ असं कामही आहे आणि उद्या प्रबंधातलं एक वाक्यही होऊ शकतं. फोल्डर मात्र म्हणतो, एकच जागा निवड.

हा प्रश्न जुना आहे. मिच केपॉर, एड बेलोव्ह आणि जेरी कॅप्लन यांनी तयार केलेलं ‘अजेंडा’ नावाचं सॉफ्टवेअर लोटस कंपनीने १९८८ साली बाजारात आणलं. डॉसवर चालायचं. त्यात तुम्ही आधी फक्त एक ओळ लिहायची. वर्ग नंतर, आणि एका ओळीला कितीही. वर्गाचं नाव ओळीत आलं तर ते आपणहून ती ओळ त्या वर्गात टाकायचं. ‘पुढचा मंगळवार’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द लिहिले तर तारीखही ओळखायचं.

डेटाबेसच्या भाषेत हे तीन तक्त्यांत बसतं. एकात नोंदी, दुसऱ्यात वर्ग, तिसऱ्यात फक्त जोड्या: ही नोंद, हा वर्ग. सगळी लवचिकता त्या तिसऱ्या तक्त्यात आहे. माझ्या अ‍ॅपमध्ये तोच नव्हता. मी प्रत्येक नोंदीला ‘प्रकल्प’ नावाचा एकच रकाना दिला होता. जोड्या वेगळ्या ठेवल्या की नवा वर्ग करताना जुन्या नोंदींना हात लावावा लागत नाही. मग ‘सोमवारी गाईडना काय दाखवायचं’ हा फोल्डर उरत नाही, तो साठवलेला प्रश्न होतो. दर वेळी विचारा, उत्तर ताजं मिळेल.

मात्र लवचिकतेच्या मोहात किती वाहवत जाऊ शकतो, त्याचं उदाहरणही याच केपॉर यांचं आहे. २००२ मध्ये त्यांनी ‘चँडलर’ हा मुक्त प्रकल्प जाहीर केला. ईमेल, कॅलेंडर, टिपणं, कामं सगळं एकाच प्रकारच्या नोंदीतून. पैसा होता, अनुभवी प्रोग्रॅमर होते. आवृत्ती १.० यायला २००८ उजाडलं, आणि त्याच वर्षाच्या सुरुवातीला केपॉर स्वतः बाजूला झाले होते. ही रखडपट्टी स्कॉट रोझेनबर्ग यांच्या ‘ड्रीमिंग इन कोड’ या पुस्तकात आहे. माझ्या मते नोंद ‘काहीही’ होऊ शकते असं ठरवलं की त्या ‘काहीही’चं पडद्यावर काय दिसायचं, याचा निर्णय कोणीतरी एकेक करून घ्यावाच लागतो.

याउलट कार्स्टन डोमिनिक हे खगोलशास्त्रज्ञ. २००३ मध्ये त्यांनी स्वतःच्या टिपणांसाठी ईमॅक्स या संपादकात ‘ऑर्ग मोड’ सुरू केलं. साधी मजकुराची फाइल, शीर्षकापुढे चांदणी, काम असेल तर तसा एक शब्द. तारखा घातलेल्या ओळी वेगवेगळ्या फाइलींतून गोळा करून ते आठवड्याचं वेळापत्रक दाखवतं. ते अ‍ॅप बंद पडलं तरी फाइल कोणत्याही संगणकावर उघडते. चार-पाच वर्षांच्या संशोधनाला हे फार महत्त्वाचं वाटतं मला.

आता तुमच्यासाठी. लगेच कोड लिहू नका, अ‍ॅपही विकत घेऊ नका. एक आठवडा सगळं एकाच फाइलमध्ये लिहा: तारीख आणि एक ओळ, बस. वर्ग करू नका, हात शिवशिवले तरी. रविवारी वाचताना प्रत्येक ओळीपुढे लिहा की ती तुम्ही पुन्हा कधी आणि काय आठवून शोधाल. जे शब्द तीन-चारदा येतील तेच तुमचे वर्ग. माझे सात निघाले. त्यातला ‘साठवण’ हा वर्ग त्या दिवाळीत मला सुचलाच नसता, आणि आज सतराव्या सॅम्पलची ओळ त्यातही आहे आणि ‘प्रकरण ३’मध्येही.