संगणकाची निद्रा आणि आपली दक्षता

दुकानाच्या फळ्या लावण्यापूर्वी दिवे मालवावेत, पंखे थांबवावेत आणि तिजोरीचे कुलूप दोनदा ओढून पाहावे, ही आपल्या वाडवडिलांची शिस्त होती. वह्यांच्या जोडीला संगणक आल्यापासून मात्र ह्या शिस्तीस खिंडार पडले आहे. दिवा मालविणारा हात संगणकाकडे वळत नाही. पडदा काळा झाला की यंत्र बंद झाले, अशी आपली समजूत होते. वस्तुतः आत वीज खर्च होतच असते.

ह्या अपव्ययाचा हिशेब सोपा आहे. १००० वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज लागते. रिकामा चालू राहिलेला संगणक ६० वॅट घेतो असे धरले, तर रात्री आठपासून सकाळी नऊपर्यंत पाऊण युनिटाहून अधिक वीज जाते. पेढीत असे ३ संगणक असल्यास वर्षाच्या ३०० रात्रींत सुमारे ७०० युनिटे होतात. प्रश्न केवळ पैशाचा नाही. श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती सांगितली असून, प्रयोजनावाचून अग्नी पेटविणे वा पाणी सांडणे ह्यांची गणना तेथे प्रमादचर्येत केली आहे. रात्रभर कोणाच्याही कामी न येता चालणारे यंत्र ह्याच सदरात मोडते, असे मला वाटते.

ह्यावरील उपाय यंत्रातच आहे. डिसेंबर १९९६ मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट व तोशिबा ह्या कंपन्यांनी एसीपीआय नावाचे प्रमाण प्रसिद्ध केले, आणि संगणकाच्या निद्रेची व्यवस्था विंडोजसारख्या प्रणालीच्या हाती आली. ही निद्रा मुख्यतः दोन प्रकारची आहे. स्लीप म्हणजे डुलकी. गादीवर वही उघडीच ठेवून दिवाणजी जेवावयास जातात, तसे चालू काम रॅम ह्या तात्पुरत्या स्मृतीत राहते. यंत्र क्षणात जागे होते, परंतु ती स्मृती टिकण्यास थोडी वीज लागतेच. हायबरनेट म्हणजे वही लिहून तिजोरीत ठेवणे. सारे काम डिस्कवर उतरविले जाते व यंत्र बंद होते. जागे होण्यास थोडा अधिक वेळ लागतो, पण मधल्या काळात वीज गेली तरी काम राहते.

हा भेद न जाणल्याची किंमत मी मोजली आहे. एका सुगीत आवक जोरात होती. विजेची बचत करावी म्हणून, दुपारी जेवावयास जाताना संगणक स्लीपवर ठेवण्यास मी दिवाणजींना सांगितले. कोष्टकाच्या पानावर शेतकऱ्यांच्या पट्ट्यांचे आकडे भरलेले होते, पण सेव्ह केलेले नव्हते. तेवढ्यात वीज गेली. यूपीएसची बॅटरी जुनी असल्याने तीही टिकली नाही. सारे आकडे नाहीसे झाले. काट्याच्या पावत्यांवरून ते पुन्हा मांडेपर्यंत संध्याकाळ झाली, आणि पैशासाठी शेतकरी तिष्ठत बसले. मी सर्वांदेखत दिवाणजींवर रागावलो. दोष माझ्या अर्धवट सूचनेचा होता, हे मागाहून कळले व त्यांची क्षमा मागितली.

तेव्हापासून आम्ही पुढील व्यवस्था ठेवली आहे. कंट्रोल पॅनेलमधील पॉवर ऑप्शन्स उघडून ‘चेंज प्लॅन सेटिंग्ज’मध्ये पडदा ५ मिनिटांनी व संगणक २० मिनिटांनी निजेल, असे ठरविले. तेथूनच प्रगत सेटिंग्जमध्ये जाऊन हायब्रिड स्लीप चालू केली. ह्या प्रकारात काम रॅममध्ये आणि डिस्कवर अशा दोन्ही ठिकाणी राहते. म्हणून दुपारी वीज गेली तरी भय नाही. रात्रीसाठी हायबरनेट हा पर्याय पुष्कळदा यादीत दिसत नाही. पॉवर ऑप्शन्समध्येच ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’ येथे जाऊन, त्या क्षणी बदलता न येणाऱ्या सेटिंग्ज खुल्या करण्याच्या ओळीवर टिचकी मारावी, हायबरनेटसमोर खूण करावी व बदल सेव्ह करावेत. यासाठी डिस्कवर काही जागा अडते. ८ जीबी रॅमच्या यंत्रात ती साधारणपणे ३ जीबीच्या आसपास असते. काही यंत्रांत हे पर्याय नसतात. तेथे काम सेव्ह करून रात्री यंत्र सरळ बंद करावे.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. ज्या मुख्य संगणकावरील हिशेब इतर टेबलांवरून पाहिला जातो, तो व्यापाराच्या वेळेत निजू देऊ नये. अन्यथा सर्वांचेच काम अडते. आणि निद्रा कोणतीही असो, गादीवरून उठण्यापूर्वी काम सेव्ह करावे.

सर्व सभासद बंधूंनी एकवार आपल्या पेढीतील संगणकांची व्यवस्था तपासून पाहावी, व आपल्या दिवाणजींना ती नीट समजावून मगच आज्ञा करावी, अशी माझी नम्र विनंती आहे.