पंचमाचा प्रवास

पेडणे महालातील हरमलच्या किनाऱ्यावर दिवस मावळू लागला की ढोल वाजू लागतात. वाजविणारे देशोदेशींचे. कोणाच्या मांडीवर आफ्रिकेतला ढोल, कोणाच्या तोंडाशी बासरी, तर कोणी नुसतीच टाळी धरून बसलेला. आणि याच महालात जत्रेच्या रात्री देवळापुढे दशावतार उभा राहतो, मृदंगावर थाप पडते, झांज वाजते. सावंतवाडीकर भोसल्यांचा हा मुलूख १७८८ साली पोर्तुगीजांकडे गेला आणि १९६१ साली मुक्त झाला. दशावतार मात्र या साऱ्या घालमेलीतून टिकून राहिला. आता किनाऱ्यावरचे हे परके ढोल ऐकून जुनी माणसे विचारतात, ‘आपले म्हणून काही उरणार की नाही?’

हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. संगीत शिकवून चरितार्थ चालविणाऱ्या माझ्यासारख्याला तर तो रोजच भेटतो. त्याचे एक उद्बोधक उत्तर मला अगदी अनपेक्षित ठिकाणी मिळाले. ते चीनच्या इतिहासात आहे.

चीन म्हटले की भिंतीआड राहिलेला, बाहेरचे वारे न लागलेला देश असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. गेल्या शतकातील संशोधनाने हे चित्र पार पालटले आहे, आणि संगीताच्या बाबतीत तर विशेषच. इ. स. ५६८ मध्ये तुर्क राजकन्या चीनच्या उत्तरेकडील चौ राजाची राणी होऊन आली. तिच्या परिवारात मध्य आशियातील कुचा नगरचा एक वीणावादक होता. चिनी लिपीतील त्याच्या नावाचे मूळ रूप ‘सुजीव’ असावे, असे पंडित मानतात. पुढे स्वेइ राजवंशाचा इतिहास लिहिला गेला, त्यात चंग यी नावाच्या दरबाऱ्याने या सुजीवाला केलेली पृच्छा नोंदलेली आहे. सुजीव सांगतो, की आपले वडील पश्चिमेकडील देशांत संगीतज्ञ म्हणून विख्यात होते, ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे आणि तिच्यात सात प्रकार आहेत.

ती सात नावे लेखकाने चिनी अक्षरांत उतरवून घेतली आणि पुढे अर्थही दिले. सहाव्या नावाचा अर्थ दिला आहे ‘पाचवा स्वर’. नाव आहे ‘पान्-चान्’सारखे. हा आपला पंचम, हे सांगावयास पंडित कशाला हवा! सातव्याचा अर्थ बैलाचा स्वर असा दिला आहे. तेथे वृषभ किंवा ऋषभ दडला असावा. चौथ्यात षड्जग्राम ओळखू येतो.

याला घरचा पुरावाही आहे. पूर्वीच्या पुदुकोट्टै संस्थानात कुडुमियामलै येथे सातव्या शतकाच्या सुमाराचा एक शिलालेख आहे. रुद्राचार्यांचा शिष्य म्हणविणाऱ्या एका राजाने शिष्यांच्या हितासाठी सात रागांचे स्वर चक्क खडकावर कोरविले. त्यांत षड्जग्राम आहे, पंचमही आहे. हा लेख ‘एपिग्राफिया इंडिका’च्या बाराव्या खंडात वाचून प्रसिद्ध केला तो राव बहादूर पी. आर. भांडारकर यांनी. म्हणजे या कोड्याची एक किल्ली मराठी माणसाच्या हातून फिरली आहे. एक मौज मात्र ध्यानात ठेवावी. चीनमध्ये पंचमाचे नाव बसले ते तिकडच्या ‘यू’ स्वरावर, आपल्या हिशेबाने धैवताच्या जागी. नाव पोहोचले, स्वर सरकला!

पुढे तांग राजवटीत, सातव्या शतकाच्या मध्यास, दरबारात दहा वाद्यवृंद होते. त्यांत एक भारताचा, एक कुचाचा, एक समरकंदचा, एक कोरियाचा होता. हे सर्वांनाच रुचले असे नाही. ७५५ साली आन लू-शानचे बंड झाले, राजधानी उद्ध्वस्त झाली, कलावंत देशोधडीला लागले. पुढे बाइ चू-यी आणि युआन चन या थोर कवींनी परक्या सुरांच्या मिसळीला बोल लावला. आपल्याकडेही याची आठवण आहेच. युरोपातून आलेल्या पेटीला नभोवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके दार बंद केले होते. आणि आज त्याच पेटीवाचून दशावतार उभा राहत नाही.

पण तांग दरबाराचे संगीत बुडाले ते परक्या सुरांमुळे नव्हे. आश्रय तुटला, शिकविणारे पांगले, आणि मागची पिढी पुढच्या पिढीच्या हाती ते देऊ शकली नाही. जे वाचले ते लिहिलेले होते म्हणून वाचले. तुनह्वांगच्या गुहेतील पोथ्यांत पिपा या तंतुवाद्याच्या पंचवीस गती स्वरलिपीत सापडल्या. जपानी दूतांनी दरबारी चिजा लिहून नेल्या. तेथल्या राजदरबारी संगीतात ‘बान्शिकी’ हा प्रकार अद्याप वाजतो, आणि ते नाव आपल्या पंचमाचेच दूरचे रूप आहे. केंब्रिजचे लॉरेन्स पिकेन हे मूळचे प्राणिशास्त्रज्ञ. त्यांनी शिष्यांसह या जपानी पोथ्या वाचून १९८१ ते २००० या काळात सात खंड प्रसिद्ध केले. त्यांचे म्हणणे असे, की जपानात लय शतकानुशतके मंदावत गेली आणि मूळ चाल तिच्यात हरवली. लिपीमुळेच ती पुन्हा दिसू लागली. सर्व जपानी पंडितांना हे मान्य नाही. तरी वाद घालावयास कागद आहे, हेच मोठे!

तेव्हा हरमलच्या ढोलांची धास्ती घेण्याचे कारण नाही. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसावाद्य म्हणून मान दिला, हे उत्तम झाले. पण घुमटावरचे बोल कोण कोणाला शिकवितो, हे त्याहून महत्त्वाचे. आणि ही गोष्ट केवळ गोव्याची नाही. दरबार गेले, गवई गेले. त्यांच्या चिजा आपल्या जुन्या घरांतील वह्यांत, कित्येकदा अडगळीच्या पेटीत, पडून आहेत. शाई फिकी होते, कसर लागते. ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी तिची एक प्रत करून घ्यावी. राग, ताल आणि चीज कोणाकडून आली ते नाव शेजारी लिहावे. आणि ती प्रत गाणे शिकणाऱ्या एखाद्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती द्यावी. सुजीवाने वडिलांकडून आलेली विद्या सांगितली आणि ती लिहून ठेवली गेली, म्हणूनच साडेचौदाशे वर्षांनी आपल्याला ती वाचता आली.