जर्मनीत खोली घेताना पहिला प्रश्न कोणता?

आज माझीच एक चूक सांगतो.

मी पुण्याहून कार्ल्सरूहला आलो. साधारण 3 लाख वस्तीचं शहर. ऑनलाइन स्वस्त खोली दिसली, लगेच घेतली. इथेच फसलो.

जर्मनीत राहायला आल्यावर 14 दिवसांत सरकारी कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो. याला म्हणतात ‘आनमेल्डुंग’. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. 2015 पासून ते देणं त्याला कायद्याने बंधनकारक आहे. माझा मालक म्हणाला, “मिळणार नाही.”

आता साखळी बघा. नोंदणी नाही, तर टॅक्स नंबर नाही. नंबर नाही, तर पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जास्त कर कापला जाऊ शकतो. पुढे रिटर्न भरून जादाचे पैसे परत मिळतात, पण माझ्या लोनचा हप्ता तोवर थांबणार होता का? जामीनदार बाबा!

शेवटी महागडी खोली घेतली, पण पत्रासकट. नोंदणी झाली आणि 11 आकडी नंबर टपालाने आला. टपालपेटीवर आपलं नाव मात्र हवं, नाहीतर पत्र परत जातं.

म्हणून भाडं नंतर विचारा. आधी विचारा, “नोंदणीचं पत्र देणार ना?”

भेटू पुढच्या भागात!