दसऱ्याआधीची यादी

मंडळी, दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरते, त्या दिवशी बीड जिल्ह्यातल्या बालाघाटाच्या डोंगरात एखाद्या गावी जाऊन पाहा. वर्गात गुरुजी हजेरी घेत असतात. एक नाव पुकारतात, उत्तर येत नाही. दुसरे पुकारतात, तरीही नाही. मग मागून एखादे पोर सांगते, "गुरुजी, ते तोडीला गेलं."

"तोडीला गेलं" एवढे म्हटले की गावात पुढे कोणी काही विचारीत नाही. पाऊस पडला किंवा बाजार उठला म्हणावे, तितक्या सहजपणे ते म्हटले जाते. पण तोडीला गेलेले हे पोर आठ वर्षांचे असते. त्याचे नाव पटावर असते आणि ते स्वतः दोनतीनशे किलोमीटरांवर उसाच्या फडाच्या बांधावर बसलेले असते. ह्या मुलांसाठी गावातल्या तरुण मंडळींना वर्षभरात काय करता येईल, आणि मुख्य म्हणजे ते कोणत्या महिन्यात करावे लागेल, ह्याविषयी आज आपणाशी चार गोष्टी बोलावयाच्या आहेत.

प्रथम हा व्यवहार कसा चालतो ते नीट पाहू. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी हे बीडचे तालुके, शेजारचा पाथर्डी, असा हा सगळा कोरडवाहू मुलूख. पावसावर एक पीक येते, आणि ते हाती लागले तरी वर्षभर पुरत नाही. इकडे पश्चिम महाराष्ट्रात आणि बेळगाव भागात साखर कारखान्यांना ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत ऊस तोडणारे हात लागतात. ह्या दोन टोकांना जोडणारा माणूस म्हणजे मुकादम. तो पावसाळ्यातच गावात येतो आणि उचल देतो. उचल म्हणजे अंगावर घेतलेली आगाऊ रक्कम. नवराबायको मिळून एक कोयता धरला जातो. एकटा माणूस असेल तर तो अर्धा कोयता. एका कोयत्यामागे पन्नास हजारांपासून लाखापर्यंत, कधी त्याहूनही जास्त उचल मिळते. कुणी त्या पैशातून जुने देणे फेडतो, कुणी लग्न उरकतो, तर कुणाचे पैसे दवाखान्यात जातात. पैसा आधीच खर्च झालेला असतो, आणि मग सहा महिने तो कोयत्याने फेडायचा असतो.

आता हिशेब असा आहे पाहा. कोयता म्हणजे जोडी. जोडी गेली म्हणजे आई गेली आणि बापही गेला. घरी म्हातारी माणसे असली आणि त्यांच्या हातापायांत बळ असले तर पोर मागे राहते, नाहीतर तेही गाडीत चढते. तेव्हा आईबापांना शाळेची किंमत कळत नाही म्हणून पोर जाते, हा समज आपण सोडून द्यावा. संध्याकाळची भाकरी त्याला कोण घालणार, ह्याला घरात उत्तर नसते म्हणून ते जाते.

तिकडे गेल्यावर काय होते? कारखान्याजवळ किंवा फडाजवळ कोप्या पडतात. बांबू, चटया, पाचट आणि वर ताडपत्री, एवढेच घर. पहाटे अंधारातच तोड सुरू होते. गार जमिनीवर गोधडी अंथरून लहानग्यांना बांधावर निजवतात. सरीत विंचूकाटा असतो, वाटेवर ट्रॅक्टर आणि गाड्या असतात. आठ-दहा वर्षांची मुलगी असेल तर धाकटे भावंड तिच्या कडेवर येते. तीच पाणी आणते आणि चूल पेटवते. मुलगा वाढे गोळा करतो, मोळ्यांना हात लावतो. मजुरीच्या चिठ्ठीवर ह्या पोरांचे नाव कुठेच नसते. काम मात्र झालेले असते.

गुरुजींनो, बाईंनो, आता आपल्या बाजूचा हिशेब मांडा. पहिली ते पाचवीच्या वर्गांना कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरवावी लागते. दिवाळीला गेलेले आणि पाडव्यानंतर आलेले मूल त्यातले जवळजवळ निम्मे दिवस गमावते. भागाकार शिकवून झाला तेव्हा ते फडात होते, परत आले तेव्हा वर्ग अपूर्णांकांवर पोचलेला. पहिल्या वर्षी ते मागे पडते, दुसऱ्या वर्षी लाजते, आणि तिसऱ्या वर्षी परत येते ते शाळेत येतच नाही. बाहेरून वाटते की पोराने एके दिवशी शाळा सोडली. वास्तविक ती तीन हंगामांत थोडीथोडी सुटत गेलेली असते.

आता तरुण मंडळींकडे वळू. आपल्या गावोगावी तरुण मंडळे आहेत. त्यांच्यात उमेद असते आणि दानतही असते. वर्षातून एकदा ती गरीब मुलांना वह्या-पेन्सिली वाटतात. बरेचदा हा कार्यक्रम २६ जानेवारीला, झेंडावंदनानंतर होतो. वाटप छान होते, टाळ्याही पडतात. पण जरा विचार करा, २६ जानेवारीला गावात कोण असते? ज्याला वहीची गरज सर्वांत जास्त, ते पोर त्या दिवशी कोपीवर असते! दान चुकीचे नव्हते, महिना चुकला. शेतकऱ्याला हे समजावून सांगायला नको. वाफसा निघून गेल्यावर पेरलेले बी कितीही चांगले असले तरी उगवेल का?

मग योग्य महिना कोणता? भाद्रपद. मुकादमाची उचल गावात आलेली असते, टोळ्या निघायला अजून महिना-दीड महिना असतो. आणि गंमत पाहा, गावातले तरुण ह्याच दिवसांत गणपतीसाठी एकत्र आलेले असतात. वर्गणीसाठी ते दारोदार फिरतातच. त्याच फेरीत प्रत्येक घरी एक प्रश्न विचारावा, "यंदा तोडीला जाणार का? पोरं कुणापाशी ठेवणार?" उत्तर वहीत लिहावे. मुलाचे नाव, इयत्ता, मागे कोण राहणार, त्या माणसाला स्वयंपाक जमतो का, एवढे पुरे. ही दसऱ्याआधीची यादी म्हणजे सगळ्या वर्षाच्या कामाचा पाया.

ह्या यादीचे करायचे काय? तिचे तीन भाग पडतात. पहिला भाग, ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत अशा मुलांचा. त्यांच्यासाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे. नाव वसतिगृहाचे असले तरी रीत साधी आहे. शाळा व्यवस्थापन समितीमार्फत गावातच मुलांच्या सकाळ-संध्याकाळच्या जेवणाची सोय होते, दुपारचा आहार शाळेत मिळतोच, आणि रात्री मूल आजीजवळ झोपते. मघाशी जो भाकरीचा प्रश्न आला, त्याचे हे सरळ उत्तर आहे. मात्र ह्यात एक मेख आहे. टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात, आणि मंजुरी, पैसे, धान्य ह्यांना उशीर झाला तर चूल पेटेपर्यंत पोर गाडीत बसून गेलेले असते. एकदा गेलेले पोर अर्ध्या हंगामात परत कोण आणणार? म्हणून यादी वेळेवर तयार करून समितीकडून वर धाडणे आणि तिचा पाठपुरावा करणे हे मंडळाचे काम. तरीही मधले दिवस कोरडे गेले तर गणपतीच्या वर्गणीतून, देवळाच्या कोठीतून, चार घरच्या ज्वारीतून ते भागवता येतात. वीस मुलांना पंधरा दिवस जेवू घालणे म्हणजे काही पंढरपूरची वारी काढण्याइतके अवघड काम नव्हे.

दुसरा भाग, ज्यांना जावेच लागते त्यांचा. येथे कायदा आपल्या बाजूला आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या कोणत्याही मुलाला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळालाच पाहिजे. जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. मागे पडलेल्या मुलाला बरोबरीला आणण्यासाठी विशेष शिक्षण मिळण्याचाही त्याला हक्क आहे. आपल्या राज्यात अशा मुलांना शिक्षण हमी कार्ड देण्याची रीत आहे. मूल कोणत्या इयत्तेत आहे आणि त्याला काय येते हे त्यावरून नव्या गुरुजींना कळते. निघण्याआधी हे कार्ड आईच्या हाती पडले की नाही, एवढे मंडळाने पाहावे. टोळी कोणत्या कारखान्यावर जाणार हे मुकादमाला विचारून घ्यावे आणि तिथल्या शाळेला फोन करावा. बेळगावकडे जायचे असेल तर जवळची शाळा मराठी आहे की कानडी, हेही आधीच विचारावे. मराठीतून शिकणारे पोर कानडी वर्गात नुसते बसवून काय उपयोग?

आणि जिथे टोळ्या येतात त्या सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूरकडच्या तरुणांनीही ऐकावे. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली सुरू झाली. त्यातल्या विद्यार्थ्याला वर्षाला १२० तास समाजासाठी द्यायचे असतात. आपल्या कॉलेजपासून सायकलच्या अंतरावर कोप्या असतील, तर ते तास तिथे द्यावेत. ह्या शतकाच्या आरंभी औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, जनार्थ संस्थेने कारखान्यांच्या आवारात साखरशाळा चालवल्या. मुलांच्या मागे शाळा नेता येते, हे त्यातून अनेकांनी पाहिले.

तिसरा भाग सर्वांत नाजूक. ज्यांच्या घरी मागे कोणीच नाही अशी मुले, आणि वयात येणाऱ्या मुली. "मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवू?" असे आई विचारते तेव्हा तो प्रश्न खोटा नसतो. पुष्कळदा त्याचे उत्तर म्हणून तिचे लग्नच उरकून टाकतात. जबाबदारी गेली आणि नव्या जोडीचा नवा कोयताही झाला, असा तो हिशेब असतो. २००६ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील मुलीचा विवाह हा बालविवाह ठरतो, हे सांगितलेच पाहिजे. पण नुसता कायदा सांगून आईची काळजी जात नाही. तिला राहण्याची सुरक्षित जागा दाखवावी लागते. शिरूर कासार तालुक्यात आर्वी येथे दीपक आणि कावेरी नागरगोजे ह्या तरुण दांपत्याने साधारण २००० सालच्या सुमारास शांतिवन सुरू केले, ते अशाच मुलांसाठी. हाताशी फारसे काही नसताना दोन तरुण माणसांनी उभे केलेले हे काम आहे. प्रत्येक गावाला शांतिवन काढता येणार नाही. पण आपल्या गावातल्या तीन मुलींसाठी तालुक्याच्या वसतिगृहात जागा मिळवणे, अर्ज भरणे, सोबत जाऊन पोचवून येणे हे पाच तरुणांना सहज जमते. एखादे मूल खरोखर संकटात असेल, तर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक आहे. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही सेवा आज देशभर चालते. दहा-नऊ-आठ असे मुलांकडून पाठच करून घ्या.

हंगामातले काम थोडे, पण चिवट. मागे राहिलेल्या मुलाला संध्याकाळी आईची आठवण येते. त्या वेळी मंदिरात किंवा समाजमंदिरात तासभर दिवा लावून कुणी मोठ्या मुलाने बसावे, गृहपाठ घ्यावा, गोष्ट सांगावी. आठवड्यातून एकदा आईबापांशी फोनवर बोलणे करून द्यावे. पोर दोन दिवस दिसले नाही तर घरी जाऊन यावे. आजी आजारी पडली की पोराची शाळा बंद पडते, म्हणून आजीच्या औषधाकडेही लक्ष ठेवावे. ही कामे वर्तमानपत्रात येत नाहीत, पण वर्ष टिकते ते ह्यांच्यावरच.

मग पाडवा येतो आणि गाड्या परततात. आता परतलेल्या मुलांची दुसरी यादी करावी. कोण शाळेत आले, कोण नाही, कुणाला काय येत नाही, हे त्यात लिहावे. मे महिन्यात कॉलेजची पोरे गावी असतात. सकाळी दोन तास लिंबाखाली वाचन आणि गणित घेतले, तर जूनमध्ये ते मूल मान वर करून वर्गात बसेल. मग पुन्हा पाऊस, पुन्हा मुकादम, पुन्हा उचल, पुन्हा भाद्रपद.

कुणी म्हणेल, "अहो, हे दरवर्षी करायचे? ह्याला शेवट कधी?" प्रश्न रास्त आहे. डोंगराला पाणी मिळेल, गावातच बारमाही काम मिळेल, तेव्हा हा कोयता खाली पडेल. त्यासाठीही झटले पाहिजे. पण ते पाणी येईपर्यंत आज तिसरीत असलेले पोर थांबणार नाही. त्याचे बालपण ह्याच वर्षी आहे. दुष्काळ दरवर्षी येतो, टोळी दरवर्षी जाते, तर मग आपली यादी एकदाच करून कसे भागेल?

गुरुजी, आपल्याकडे एकच मागणे. ह्या वर्षी हजेरीत ज्या नावाला उत्तर येणार नाही, त्यापुढे गैरहजेरीची खूण करण्याआधी ते पोर कुठे आहे हे विचारून लिहून ठेवा. आणि तरुण मित्रांनो, पुढच्या गणपतीत वर्गणीची पावतीपुस्तके छापाल, तेव्हा सोबत एक कोरी वही विकत घ्या. तिच्या पहिल्या पानावर लिहा, "यंदा तोडीला जाणारी घरे." पुढचे काय करायचे ते ती वहीच तुम्हाला सांगेल.